रोटरीच्या तेलाचा रस्ता आधी ठरव

तेलाचा कूलर कुठे बसवायचा हे ठरवण्याआधी माझदा १३बी या रोटरी इंजिनातला (पिस्टनऐवजी फिरणारे त्रिकोणी रोटर असलेलं इंजिन) तेलाचा रस्ता समजून घे. आधी पंप, मग कूलर, मग फिल्टर आणि शेवटी बेअरिंग. हा क्रम मोडू नकोस. कूलरमध्ये राहिलेला धातूचा कण फिल्टरनेच अडवायचा असतो. बिघडलेल्या इंजिनाचा जुना कूलर फुकट मिळाला तरी घेऊ नकोस, आतला चुरा कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही.

रोटर आतून तेलानेच थंड होतात. कूलिंगने बाहेर काढायच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा तेलाकडे जातो. म्हणून कूलरला उरलीसुरली जागा देऊ नकोस, मला या एकाच गोष्टीची खरी काळजी वाटते. त्याला स्वतंत्र हवेचं तोंड, हळूहळू रुंदावणारा डक्ट आणि चारही कडांना पक्कं सील हवं. फटीतून निसटलेली हवा काही थंड करत नाही. गरम हवेला बाहेर पडायलाही मोकळी वाट ठेव.

फिल्टर फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर, हलवलास तर त्याचं तोंड वर राहू दे, काढताना तेल सांडत नाही. नळ्या एक्झॉस्टपासून लांब ने आणि त्यांवर फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारं वेष्टण) चढव. रोटरीचा एक्झॉस्ट भयंकर तापतो. इंजिन हलतं, म्हणून नळ्यांना थोडी ढील दे.