ओकुहिदाला पहिल्यांदा जाताय? एवढं सांभाळा

ओकुहिदा म्हणजे जपानमधला गरम पाण्याच्या झऱ्यांचा डोंगराळ भाग. पहिल्या खेपेला शिखरांचा नाद नको. तिथल्या हिरायु गावात दोन रात्री राहा आणि बसनेच जवळचं कामिकोची हे डोंगरातलं खोरं गाठा. खासगी गाड्यांना तिथे बंदी आहे. खोऱ्यातली ताइशो तलाव ते कप्पाबाशी पूल ही तासाभराची, जवळपास सपाट वाट. १९१५ साली याकेदाके ज्वालामुखीच्या उद्रेकाने नदी अडून हा तलाव झाला. सकाळी लवकर गेलात तर गर्दी टळेल.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- कामिकोची हिवाळ्यात बंद असतं. मध्य एप्रिल ते मध्य नोव्हेंबर हाच हंगाम.
- परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्याउतरल्या बघा.
- गरम कुंडात थेट उतरू नका. आधी बसून साबणाने स्वच्छ आंघोळ. बहुतेक ठिकाणी कपडे चालत नाहीत. छोटा टॉवेल डोक्यावर, पाण्यात नाही. संकोच पाच मिनिटांत जातो, खरंच!
- शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. साध्या मिसो सूपमध्येही (आंबवलेल्या सोयाबीनचं सूप) बहुधा माशाचा अर्क असतो.