मॅशअपची मिसळ? हो, मिसळच!

राजापूरकडच्या एका ग्रंथपालबाई विचारतात: वाचनालयातल्या जुन्या पुस्तकांत आलेली कोकणातली गावं आम्ही ऑनलाइन नकाशावर दाखवतोय. याला 'मॅशअप' म्हणतात म्हणे. मराठीत 'संमिश्र नकाशा' म्हटलेलं चालेल का?

आधी एक तक्रार. गूगलच्या नकाशावर वाचनालयाची लाल खूण लावली की 'मॅशअप केलं' म्हणायची टूम निघाली आहे. अहो, ती नुसती खूण झाली! दोन ठिकाणची माहिती एकात आली तरच मॅशअप. 2005 साली पॉल रॅडमाकर या प्रोग्रॅमरने क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळावरच्या घरांच्या जाहिराती गूगलच्या नकाशावर आणून बसवल्या, तसं. बाईंचं काम या व्याख्येत चोख बसतं.

आता शब्द. मॅश म्हणजे बटाटा चेचणं, म्हणून मॅशअप म्हणजे चेंदामेंदा, असं सांगणारे भेटतात तेव्हा माझं डोकं उठतं. मॅश हा मुळात बिअर करणाऱ्यांचा शब्द. मोड आणून वाळवलेले जव भरडून गरम पाण्यात मिसळतात, तो मॅश. चेचणं मागाहून आलं. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचं मूळ ज्या धातूत शोधतात, त्याचा अर्थच 'मिसळणं'. त्याच धातूचा लॅटिन 'मिस्केरे', त्यावरून इंग्रजी 'मिक्स'. आणि त्याचाच संस्कृत 'मिश्र', प्राकृत 'मिस्स', मराठी 'मिसळ'! मॅश आणि मिसळ चुलतबहिणी आहेत हो. एवढं नातं घरात असताना दुसरा शब्द शोधायचाच कशाला?

'मिसळ' हलका वाटतो म्हणून 'संमिश्र' सुचवणाऱ्या पंडितांना एवढंच विचारतो, की 'संमिश्र' तरी कोण? तीच मिसळ, सोवळं नेसलेली. 'नकाशा' मात्र अरबी 'नक्श'वरून आला. आपली 'नक्षी' त्याच घरची. एखाद्याचा 'नक्शा उतरवतात' तोही तिथलाच. म्हणजे 'मिसळनकाशा' या शब्दातच दोन घराणी एकत्र नांदतात, आणि मला तरी याहून नेमका शब्द दिसत नाही.

बाकी, बाईंनी रत्नागिरी-सावंतवाडीचं 1880चं गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने काढलेला त्या भागाच्या माहितीचा ग्रंथ, जरूर घ्यावं. त्यात गावांची खाण आहे. तक्त्यात गाव, पुस्तक, पान असे रकाने ठेवा आणि अक्षांश-रेखांश स्वतः भरा. नुसतं 'देवगड' लिहून नकाशाला शोधायला लावलंत तर खूण गुजरातेत देवगड बारियाला जाऊन पडायची. जुन्या इंग्रजी पुस्तकांत विजयदुर्गाला 'घेरिया' म्हटलेलं सापडेल, तेव्हा जुन्या नावाचा रकानाही हवाच. ओपनस्ट्रीटमॅप या सगळ्यांना खुल्या असलेल्या नकाशावर चालणारं 'यूमॅप' हे संकेतस्थळ असा तक्ता थेट उचलतं, पैसे पडत नाहीत.

आणि हो, शब्द जोडूनच लिहा, मधे रेघ नको. तो मिसळनकाशा, ते मिसळनकाशे.