मैदानाबाहेर : अर्धे पैसे आता, अर्धे स्कॉलरशिप झाल्यावर

प्रश्न : सर, माझा मुलगा यंदा बारावीला आहे. लेफ्ट विंगला खेळतो, तालुक्याच्या संघात आहे. खाण बंद झाल्यापासून त्याचे बाबा दुसऱ्याचा टिपर चालवतात, मी अंगणवाडीत मदतनीस आहे. ओळखीतून एक गृहस्थ भेटले. अमेरिकेच्या कॉलेजात फुटबॉलवर पूर्ण स्कॉलरशिप करून देतो म्हणतात. फी दीड लाख, अर्धी आता, अर्धी स्कॉलरशिप झाल्यावर. मुलाने नेटवर तिकडचे नियम वाचले आणि म्हणाला, "आई, हे नियम गरिबांसाठी नाहीतच." खरं काय? पैसे भरावेत का?
— एक आई, डिचोली

उत्तर : ताई, पैशांचं आधी सांगतो, म्हणजे आज तरी झोप लागेल. भरू नका. गृहस्थ लबाड आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना बघितलेलं नाही. पण "अर्धी स्कॉलरशिप झाल्यावर" ही अटच घात करणारी आहे. तिकडच्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार मुख्यतः एनसीएए नावाची संघटना बघते. मुलाची माहिती कॉलेजांपर्यंत पोचवणाऱ्याने ठरावीक फी घेतली तर तिला चालतं. स्कॉलरशिप मिळाली तरच पैसे, किंवा तिच्या रकमेवर टक्केवारी, असा सौदा झाला की तो माणूस एजंट धरला जातो आणि मुलाची पात्रताच धोक्यात येते. म्हणजे दलाली भरायची तुम्ही आणि बाद व्हायचं पोरानं.

आता "पूर्ण स्कॉलरशिप". तिकडे फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू काखेत मारून धावायचा खेळ. तो खेळणाऱ्या मोठ्या कॉलेजांना वर्षानुवर्षं ८५ पूर्ण स्कॉलरशिपा देता यायच्या. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात, आणि मुलांच्या सॉकरला पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे कॉलेजांच्या तीन गटांतल्या सगळ्यात वरच्या गटात, मर्यादा होती ९.९. हो, दशांशच. कोचनं ते पंचवीस-तीस पोरांत वाटायचं, चवथीच्या पंचखाद्यासारखं, प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर. २०२५ मध्ये खेळाडूंनी लावलेल्या खटल्यातली तडजोड कोर्टानं मान्य केली. ती स्वीकारलेल्या कॉलेजांपुरती ही मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त २८ जण अशी नवी आली. पण त्या २८ जणांना पैसे द्यायलाच हवेत असं कुठे लिहिलेलं नाही. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये तर खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच. तेव्हा 'पूर्ण' हा शब्द कुणी सहज वापरला की आपण जरा खुर्ची मागे सरकवून बसावं.

मुलाचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात गरिबांविषयी आकस होता असं नाही. सगळ्यांना एकाच मापानं मोजायचं, एवढंच त्यांनी ठरवलं, आणि ते माप ज्यांच्या घरात सगळं होतं त्यांच्या सोयीचं निघालं. १९८६ पासून त्यांनी पहिल्या वर्षी खेळायला ठरावीक विषयांत किमान सरासरी आणि प्रवेश परीक्षेत १६०० पैकी ७०० गुण अशी अट घातली. कागदावर स्वच्छ. बाद झालेल्यांत बहुसंख्य काळी मुलं होती, त्यांतल्या कित्येकांच्या शाळांत धड शिक्षकही नव्हते. १९८९ मध्ये आणखी घट्ट केलं, अट अर्धवट पुरी करणाऱ्याला स्कॉलरशिपही नाही. तेव्हा जॉर्जटाउन विद्यापीठाचा बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन, १४ जानेवारीला, सामना सुरू व्हायच्या तोंडावर निषेध म्हणून सरळ मैदान सोडून निघून गेला. वर्षभरात तो नियम थोडा सैल झाला. प्रवेश परीक्षेची अट मात्र पात्रतेतून गेली ती २०२३ मध्ये. मधली सदतीस वर्षं त्या मुलांना कोण परत देणार?

खाण्याचं ऐकून तर तुम्हाला हसू येईल. आपल्या पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, काकणासारखा तिकडे बेगल नावाचा गोल पाव असतो. खेळाडूला कॉलेजनं बेगल दिला तर तो खाऊ. त्यावर चीज फासलं तर ते जेवण, आणि जास्तीचं जेवण म्हणजे नियमभंग! हे फासायचं की नाही यावर शिकलेली माणसं बसून विचार करायची. २०१४ मध्ये कॉलेज बास्केटबॉलच्या विजेत्या संघातल्या शबाझ नेपिअर या खेळाडूनं, कधीकधी रात्री उपाशी झोपतो, असं उघड सांगितलं, तेव्हा कुठे काही दिवसांत जेवणावरची मर्यादा उठवायचं ठरलं. ज्याच्या घरून डबा येत होता त्याला हा नियम कधी बोचलाच नव्हता.

अजूनही तसंच आहे. सॉकरचा कोच दहावीनंतरच्या १५ जूनपर्यंत मुलाशी भरतीविषयी बोलू शकत नाही. छान. पण बापानं पैसे भरून कोचच्या कॅम्पला पाठवलेला मुलगा त्याआधीच त्याच्या डोळ्यांसमोर खेळून जातो. बोलणं बंद, बघणं चालू. एनसीएएकडे नोंदणी करायची फी परदेशी मुलाला अमेरिकन मुलापेक्षा जास्त, आणि गरिबीमुळे माफी मिळते ती अमेरिकन मुलालाच. २०२१ पासून तिथल्या खेळाडूंना स्वतःच्या नावावर, फोटोवर जाहिरातीचे पैसे घेता येतात. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्याला व्हिसाच्या अटींमुळे ते दारही जवळजवळ बंद.

पण अमेरिकेला नावं ठेवायला मला कुठलं तोंड आहे? एकतीस वर्षं मी कॉलेजात फिजिकल डायरेक्टर होतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट. सत्तरी तालुक्यातला एक मुलगा आमचा लेफ्ट बॅक होता. गावातून सुटणाऱ्या पहिल्या बसनं आला तरी पहिला तास संपून दुसरा अर्धा झालेला असायचा. आंतरकॉलेज फायनलच्या आधी हजेरीची यादी आली. पंचाहत्तर टक्क्यांखाली दोघं. दुसऱ्यानं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं, टायफॉईड. त्या टायफॉईडच्या महिन्यात तो रोज संध्याकाळी माझ्यासमोर पेनल्टी मारत होता! सर्टिफिकेट होतं म्हणून तो खेळला. बस उशिरा पोचते याचं सर्टिफिकेट कोण देणार? सत्तरीच्या मुलाचं नाव कापलं गेलं, आणि यादीवर सही माझी होती. दुसऱ्या दिवशी तो कॉलेजचे बूट परत द्यायला आला. नाड्या धुतलेल्या, आकार बिघडू नये म्हणून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले. "सर, उजव्याची शिवण जरा उसवलीय," म्हणाला, आणि गेला. नियमाप्रमाणे मी काहीच चुकलो नव्हतो.

असो. तुमच्या मुलाचं बघू. एजंटाविना तो स्वतः काय करू शकतो ते लिहितो, त्यालाच वाचायला द्या.

नववीपासूनचे सगळे निकाल शोधून काढ. एनसीएए नववी ते बारावीचे १६ विषय धरते आणि पहिल्या डिव्हिजनला ४ पैकी २.३ सरासरी मागते. नववीचं प्रगतिपुस्तक आपल्याकडे कोणी जपत नाही. रद्दीत गेलं असेल तर आजच शाळेत जा. खेळाचा चार-पाच मिनिटांचा व्हिडिओ कर, मित्राच्या मोबाइलवर चालेल, पण गोलच नको, चेंडू गमावल्यावर तू मागे धावतोस का ते दिसू दे. कोचांचे ईमेल कॉलेजांच्या संकेतस्थळांवर उघड असतात. स्वतः लिही. उत्तर आलं तर एकच विचार : स्कॉलरशिप वजा जाता आम्ही वर्षाला किती भरायचे, आणि ही एका वर्षाची की चार वर्षांची? लेखी.

आणि गावच्या स्पर्धा. मला ठाऊक आहे, सेव्हन-अ-साइडला बोलावून पाचशे-हजार हातावर ठेवतात, आणि त्यात घरचा सिलिंडर येतो. पण नोंदणी करताना खेळून पैसे घेतलेस का, हे विचारतात. तो नियम ढिला होत चाललाय, तरी खोटं लिहू नकोस. काय, कुठे, किती, वहीत टिपून ठेव. बारावीनंतर वर्षभर काम करून मग जाईन म्हणत असशील तर तेही जपून. शाळा संपून वर्ष उलटल्यावरही स्पर्धांत खेळत राहिलास तर तिकडच्या खेळाच्या वर्षांतून कापलं जाऊ शकतं.

ताई, कॉलेजचा फॉर्म इथलाही भरून ठेवा. ते दीड लाख असतीलच, तर बँकेतच राहू देत.

प्रश्न : क्रीडागुण मिळून मी बारावी पास झालो. मित्र म्हणतात फुकट पास. तुम्हाला काय वाटतं? पुढे खेळशिक्षक व्हायला बी.पी.एड. करायचं आहे.
— एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : पावसाळ्यात पहाटे चिखलात धावलास ते फुकट होतं का? बोर्ड निकालाच्या दिवशी क्रीडागुणांवर पास झालेल्यांचा आकडा वेगळा सांगतं. शिकवणी लावून पास झालेल्यांचा आकडा कधी ऐकलास? मित्रांना हे विचार. बी.पी.एड. आधीची पदवी झाल्यावरच करता येतं, तेव्हा ती पदवी नीट कर. आणि पुढचं पत्र टाइप करून पाठव, तुझं अक्षर लावायला मला दोन चष्मे लागले.