बेणेप्रक्रिया : आधी औषध, मग जिवाणू

प्रश्न : उसाच्या टिपऱ्यांसाठी (लागणीच्या कांड्यांसाठी) बुरशीनाशक आणि अ‍ॅसिटोबॅक्टर हे जिवाणू खत एकाच पिंपात कालवलं तर चालेल का? युरिया किती कमी करायचा? (एक वाचक, शिरोळ, जि. कोल्हापूर)

उत्तर : एकत्र अजिबात नको. औषधाच्या द्रावणात जिवाणू तगण्याची खात्री नाही, मग पैसे पाण्यातच! आधी 100 लिटर पाण्यात 100 ग्रॅम कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक), टिपऱ्या 10 ते 15 मिनिटं बुडवा. सावलीत सुकल्या की दुसऱ्या पिंपात 100 लिटरला 10 किलो अ‍ॅसिटोबॅक्टर, अर्धा तास. ब्राझीलमध्ये उसातच सापडलेला हा जिवाणू (नोंद 1988ची) उसाच्या कांड्यांत राहून हवेतला नत्र पिकाला देतो. शिफारस निम्मा नत्र (युरियातून देतो तो) वाचवण्याची आहे. तरी यंदा चार सऱ्यांवरच कपात करून बघा. दुकानात उन्हात पडलेलं जिवाणूंचं पाकीट मात्र घेऊ नका.