टाचेच्या मशीनवरचा आकडा धरून बसू नका

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझं वय ४९, आम्ही सांगली जिल्ह्यात राहतो. ४१व्या वर्षी माझी गर्भपिशवी काढली. गेल्या महिन्यात गावात शिबिर होतं, तिथे मशीनमध्ये टाच ठेवून हाडं तपासली तर मायनस २.१ आलं आणि हाडं ठिसूळ झालीत म्हणून सांगितलं. घाबरून कमरेचा एक्सरे काढला तर तो नॉर्मल. मिस्टर म्हणतात आता विषय संपला. पण माझी आई ६८व्या वर्षी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर ती आधाराशिवाय कधी चाललीच नाही, ते डोळ्यासमोरून जात नाही. डेक्सा स्कॅन करू का? बंद मशीनमध्ये घालतात का? मला घुसमटतं.

उत्तर: ताई, डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, करून घ्या, आणि फार लांबवू नका. तुमच्या आईचा खुबा मोडला होता ही एकच गोष्ट मला त्यासाठी पुरेशी वाटते.

मिस्टरांना सांगा की एक्सरे नॉर्मल म्हणजे हाड दणकट असं नाही, साध्या एक्सरेत हाडाची झीज दिसायला साधारण तिसरा हिस्सा हाड आधीच गेलेलं असावं लागतं. आणि शिबिरातलं टाचेचं मशीन ध्वनिलहरींवर चालतं, त्यातून फक्त अंदाज येतो की पुढची तपासणी करायला हवी का. हाडांचा ठिसूळपणा ठरवायची उणे २.५ ची रेघ डेक्सासाठी आहे, ती टाचेच्या आकड्याला लावायची नसते, त्यामुळे त्या मायनस २.१ वर घाबरूही नका आणि त्याच्यावर गोळ्याही सुरू करू नका.

आता मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. पिशवीबरोबर दोन्ही ओव्हरी (अंडाशय) काढल्या होत्या का? खूप बायकांना हे माहीतच नसतं, कोणी नीट सांगितलेलंच नसतं, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. ओव्हरी काढल्या की हाडं सांभाळणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन एकदम बंद होतं, पाळी आपोआप जाताना हळूहळू होणारी गोष्ट एका दिवसात होते, आणि पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हाड सगळ्यात वेगाने झिजतं. तसं झालं असेल तर तुमची ती वर्षं होऊनही गेली. घरात ऑपरेशनचे कागद शोधा, डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं.

घुसमटायचं काही कारण नाही. डेक्साचं टेबल उघडं असतं, तुम्ही उताण्या झोपायचं, वरून मशीनचा एक हात सरकत जातो, दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. सुई नाही, उपाशी राहायचं नाही, किरणंही छातीच्या एक्सरेपेक्षा कमी. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवा आणि धातूचे हूक किंवा चेन नसलेले कपडे घाला. हल्ली कधी औषध टोचून सीटी स्कॅन झाला असेल तर आधी सांगा.

कमरेचे मणके आणि खुबा, दोन्हीचं करा. रिपोर्टमध्ये टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत तुमचं हाड कसं आहे तो आकडा, बघायचा: उणे १ किंवा त्याच्या वर असेल तर ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे असेल तर हाड विरळ होतंय, आणि उणे २.५ किंवा त्याच्याही खाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. वय वाढलं की मणक्यांना काटे येतात आणि कमरेचा आकडा उगाचच चांगला दिसतो, म्हणून खुब्याचा आकडा जरूर विचारा. परत करायची वेळ आली तर शक्यतो त्याच सेंटरला त्याच मशीनवर करा, नाहीतर दोन रिपोर्टची तुलना नीट होत नाही.

सोबत रक्तातलं कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि थायरॉईड बघून घ्या. दमा किंवा संधिवातासाठी तीन महिने किंवा जास्त स्टेरॉईड घेतलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, बायका हे हमखास विसरतात. नाचणीची भाकरी, तीळ, दूध-ताक चालू ठेवाच, फक्त स्कोअर उणे २.५ किंवा त्याच्या खाली गेला तर नुसत्या खाण्यावर भागत नाही, औषध लागतं, आणि ते रिपोर्ट हातात आल्यावर ठरवू. तोवर बाथरूममध्ये पकडायला एक दांडी बसवून घ्या.