मागून आणलेला ग्रासकटर जाम झाला, काकांना कसं सांगू?

प्रश्न : आमचं गाव रत्नागिरीजवळ, 40 कलमं आहेत. गणपती झाले की बेणणी काढतो, म्हणजे बागेतलं वाढलेलं गवत कापतो, यंदा शेजारच्या काकांचा ग्रासकटर मागून आणला. पहिल्या दिवशी त्यांनीच भरून दिलेल्या पेट्रोलवर मस्त चालला, दुसऱ्या दिवशी मुलाने पंपावरून पेट्रोल आणून तसंच टाकीत ओतलं आणि थोड्या वेळाने मशीन आचके देत बंद पडलं, आता स्टार्टरची दोरी हलतसुद्धा नाही. घरचे म्हणतात पुसून गुपचूप पडवीत ठेवून ये. काय करू?

उत्तर : गुपचूप अजिबात ठेवू नका हो. तुमचं मशीन टू-स्ट्रोक दिसतंय, त्यात ऑइलची वेगळी जागा नसते, पेट्रोलात मिसळलेलं ऑइलच पिस्टनला वंगण देतं. नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन तापून सिलेंडरला घासतो आणि जाम होतो. दोरी जोर लावून ओढत बसू नका, अजून ओरखडे पडतील.

आमच्याकडे एकदा फवारणीचा पंप कोणीतरी नेला, तणनाशक मारलं, बाहेरून चकचकीत धुवून परत दिला आणि बोलला काहीच नाही. आम्ही त्याच पंपाने परसातल्या मिरचीवर फवारलं, तर चार दिवसांत कोवळी पानं दोरीसारखी पिळवटली, ते तणनाशक, 2,4-डी, आत राहिलं होतं. पंपाचं काहीच बिघडलं नव्हतं, पण आत काय घातलं होतं एवढं सांगितलं असतं तर तीनदा धुतला असता ना आम्ही. मला अजून त्याचंच वाईट वाटतं.

म्हणून आजच जा, मुलाला सोबत न्या आणि त्यालाच सांगू दे. काका "असूदे रे" म्हणतील, कोकणात माणूस तोंडावर पैसे मागत नाही, पण त्यावर जाऊ नका. त्यांचा नेहमीचा मेकॅनिक कोण ते विचारा, मशीन तुम्हीच घेऊन जा, बिल तुम्हीच भरा, पिस्टन-सिलेंडर दोन्ही बदलायला लागले तरी. आणि त्यांच्या बागेतलं गवतही आत्ता उभंच असणार, ते वाळलं की वणव्याची भीती, तेव्हा दुरुस्तीला वेळ लागणार असेल तर एक मशीनवाला गडी लावून त्यांची बेणणी आधी काढून द्या, मग तुमची. हे मला बिलापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

पुढच्या वेळी मशीन उचलतानाच मिक्सिंग विचारून घ्या. कुठे 1 लिटरला 40 मिली ऑइल लागतं, कुठे 20 मिलीवर भागतं, अंदाजाने घालू नका. परत देताना पात्यात गुंडाळलेलं गवत काढून, उरलेलं पेट्रोल टाकीतून ओतून द्या, नाहीतर पडून पडून कार्बोरेटर चोंदतो.

आणि मेकॅनिककडे गेलात की टाकीत साधं पेट्रोल आहे हे पहिलं सांगा.