जुनी २४ फुटी केबिन क्रूझर घेतोय, कोल्हापुरात घरीच दुरुस्त करता येईल का? सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न वाचला. रत्नागिरी साइडला जुनी पेट्रोल इंजिनची फायबरची बोट स्वस्तात मिळतेय, ट्रेलरवर घालून कोल्हापूरला आणायची, शेडमध्ये ठेवून सुट्टीच्या दिवशी काम करायचं, आणि यादी म्हणजे नवीन गाद्या, एलईडी, सोलर, छोटा फ्रिज आणि बाहेरून पेंट. करता येईल का, तर शंभर टक्के येईल. आम्ही केलंय, मी आणि दाजी. बोट २२ फुटी, ते रत्नागिरीला असतात आणि माझं उद्यमनगरात लेथचं काम आहे, त्यामुळं बोट आंबा घाटातून वर आणली आणि माझ्या शेडमध्ये दोन उन्हाळे ठेवली. पण तुमच्या यादीतलं एकही काम पाण्याखालचं नाही बघा. पहिला पैसा आणि पहिला महिना पाण्याखालच्या भोकांवर घाला, गाद्या कुठं पळून जात नाहीत.

आमचंच सांगतो. बोट शेडमध्ये आली तेव्हा बुडाला तीन भोकं होती, म्हणजे मुद्दाम ठेवलेली, इंजिनाला थंड पाणी घ्यायला आणि सिंकचं पाणी सोडायला, आणि प्रत्येकाला आतून एक व्हॉल्व. दोन ठीक होते. तिसरा आधीच्या मालकानं कुठंतरी बदलून घेतलेला, घरात नळाला लावतात तसला पितळी. बाहेरून एकदम चकाचक दिसत होता. मी दांडा फिरवायला गेलो तर दांडा व्हॉल्वच्या मानेसकट हातात आला, जोर पण लावला नव्हता. मग तो लेथला धरला आणि मधून कापला, तर बाहेर पातळ पिवळा थर आणि आत सगळं गुलाबी, विटेच्या भुग्यासारखं, नखानं खरवडलं तर कण निघत होते. हे का होतं तर पितळेत तांबं आणि जस्त असतं, खाऱ्या पाण्यात जस्त विरघळून निघून जातं आणि मागं नुसतं पोकळ तांबं राहतं, आकार तसाच, ताकद शून्य. दाजी तेवढ्यात चहा घेऊन आले, तुकडा हातात घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत, कारण आदल्या दिवाळीत त्याच बोटीतून पोरांना घेऊन ते भाट्याच्या खाडीत फिरून आले होते.

हिशोब करून बघा. दीड इंची भोक, पाण्याच्या लेव्हलपासून फूटभर खाली, तर मिनिटाला शंभरेक लिटर पाणी आत येतं, म्हणजे दोनशे लिटरचा बॅरल दोन मिनिटात भरला. आणि बुडात साठलेलं पाणी बाहेर टाकणारा, तासाला ११०० गॅलनचा जो बिल्ज पंप बाजारात मिळतो तो कागदावर मिनिटाला सत्तर लिटर टाकतो, पाइप वर चढवलेला असला की त्याहून कमी. एवढ्या भोकापुढं पंपाचं काही चालत नाही, तेव्हा भोकच नीट पाहिजे.

म्हणून व्हॉल्व ब्राँझचे किंवा गनमेटलचे घ्या, ८५ टक्के तांबं आणि कथील, शिसं, जस्त पाच पाच टक्के, हे मिश्रण खाऱ्या पाण्यात टिकतं. आणि इथं कोल्हापूरकर म्हणून आपला मोठा फायदा आहे, दुकानदार म्हणतो गनमेटल आहे म्हणून गप बसायचं कारण नाही, शिरोली किंवा गोकुळ शिरगावला फौंड्र्यांची कामं करणाऱ्या लॅब आहेत, तिथं स्पेक्ट्रो मारून घ्या, पाच मिनिटात कळतं आत काय ओतलंय ते. भंगारातलं पितळ गनमेटल म्हणून विकलेलं मी स्वतः पाहिलंय. बुडाच्या भोकाला सिलिकॉन लावू नका, मरीन पॉलियुरेथेन सीलंट लावा. प्रत्येक व्हॉल्वला नळी बसते तिथं एसएसचे दोन क्लॅम्प, आणि शेजारी दोरीनं बांधलेलं निमुळतं लाकडी बूच. पाइनसारख्या मऊ लाकडाचं बूच कुठलाही सुतार करून देतो, पाण्यानं फुगतं आणि भोकात घट्ट बसतं. अक्षरशः चिल्लर खर्च आहे हा.

आता बॉडी. पैसे द्यायच्या आधी स्क्रूड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घेऊन डेक आणि मागची भिंत म्हणजे ट्रान्सम सगळीकडं वाजवून बघा, मडकं घेताना वाजवतो तसं. टणटणीत आवाज आला तर ठीक, धप्प आला तर आतलं प्लायवूड किंवा बाल्सा लाकूड पाणी पिऊन कुजलंय. पाणी शिरतं बहुतेक रेलिंगच्या आणि क्लीटच्या, म्हणजे दोरी बांधायच्या खुंटीच्या, स्क्रूच्या भोकातून. डेकवर हातभर जागा कुजली असेल तर घरी होतं, वरचा फायबर कापून काढा, कुजकं खरवडा, पूर्ण वाळू द्या, नवीन प्लाय इपॉक्सी रेझिनमध्ये बसवा. प्लाय आयएस ७१० मार्काचाच घ्या, आयएस ३०३ वाला फर्निचरला ठीक आहे, बोटीत नको. शंका असेल तर तुकडा तीनचार तास पाण्यात उकळा, थर सुटले की समजा फसवलं. पण ट्रान्सम सगळाच धपधप वाजत असेल तर ती बोट घेऊच नका, मग किंमत कितीही उतरवू दे, कारण इंजिनचा सगळा जोर त्या भिंतीवर येतो आणि ते काम म्हणजे अर्धी बोट उघडणं आहे.

फायबरला तडा असेल तर नुसती वरून पुट्टी भरू नका हो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं, लोक पुट्टी मारून पेंट मारतात आणि एका सीझनमध्ये तडा परत वर. तड्याच्या दोन्ही बाजूला जाडीच्या बारा पट उतार घासायचा, म्हणजे ६ मिमी जाडी असेल तर दोन्हीकडं ७२ मिमी. मग रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरच्या मॅटचे थर, आधी मोठा तुकडा मग लहान, रोलरनं हवा काढत. पॉलिएस्टर रेझिन असेल तर हार्डनर एक ते दोन टक्के, आपल्याकडं एप्रिलमध्ये दुपारी दोन टक्के घातलात तर डबा हातातच तापून धूर येतो, आमचा आला, तेव्हा सकाळी लवकर आणि थोडं थोडं कालवा. आणि एक लाल अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा: जांभळं कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हायला घालतात ते) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधी मिसळायचं नाही, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. शक्यतो कोबाल्ट घातलेलंच रेझिन मागा. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी छान धरतं, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टर नीट धरत नाही, तेव्हा एकदा इपॉक्सी वापरलं की पुढचं पण इपॉक्सीच. मास्क वाफेचा घ्या, धुळीचा वेगळा, दोन्ही लागतात. आणि हे सगळं काम जून यायच्या आत संपवा, पावसाळ्यात आपल्या शेडमध्ये जी ओल असते तिच्यात रेझिनचा काही भरवसा नाही. पावसात वायरिंग करा.

वायरिंग म्हणजे जुन्या बोटीतली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट. गाडीची साधी तांब्याची वायर दर्याच्या हवेत आतल्या आत काळी पडते, टोक कापलं तर वीतभर आतपर्यंत काळी. कथील चढवलेली मरीन वायर घ्या, महाग आहे पण एकदाच. जोड नुसत्या सोल्डरवर ठेवू नका, हादऱ्यानं तुटतो, नीट क्रिम्प करा आणि वर गोंदवाली हीटश्रिंक. जाडी पण हिशोबानं: पंप ५ अँपिअर घेतो आणि बॅटरीपासून ५ मीटर लांब आहे, म्हणजे जाऊन येऊन १० मीटर, तर अडीच स्क्वेअर एमएमच्या वायरमध्ये साधारण ०.३७ व्होल्ट पडतात, १२ व्होल्टच्या तीन टक्के, चालतं. तिथंच एक स्क्वेअरची घातली तर पाऊण व्होल्टच्या वर जातात आणि पंप मरगळतो. बॅटरीपासून फ्यूज सात इंचाच्या आत. आणि बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच, म्हणजे पाणी चढलं की पंप आपोआप चालू करणारा, मेन स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर, स्वतःच्या फ्यूजसकट, म्हणजे तुम्ही मेन बंद करून घरी येऊन झोपला तरी पंप जागा राहतो.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र जुगाड अजिबात नको, हे मी हात जोडून सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, मोटरसायकलची गळाली तर उडून जाते, बोटीत ती बुडाशी साठून बसते आणि एका ठिणगीची वाट बघते. उद्यमनगरात कुणीही म्हणेल की स्टार्टर, अल्टरनेटर गाडीचाच बसतोय की, अर्ध्या किमतीत, बसतो पण खरंच. फरक आत आहे, मरीनच्या स्टार्टरमधली ठिणगी बाहेरच्या वाफेला लागणार नाही असा तो बनवलेला असतो, गाडीच्याला ती गरजच नसते. स्टार्ट करायच्या आधी ब्लोअर, म्हणजे बुडातली वाफ बाहेर ओढणारा पंखा, चार मिनिटं चालवा आणि झाकण उघडून नाकानं वास घ्या. पेट्रोलची रबरी नळी कोरड्या फडक्यानं पुसून फडकं हुंगा, पेट्रोलचा वास आला तर नळी संपली, दिसायला कितीही चांगली असू दे. जुनी बोट असेल तर नळ्या बदलाच, कारण २०२३ पासून पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेच इथेनॉल करतात, चांगली गोष्ट आहे, पण जुनं रबर त्यानं मऊ पडतं आणि इथेनॉल पाणी ओढतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतं आणि इंजिन नेमकं तळातूनच ओढतं. टाकीत महिनोन् महिने पेट्रोल ठेवू नका, आणि पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा.

इंजिनचं बरंच काम इथल्या चांगल्या मेकॅनिकला जमतं. इंजिन थंड करणाऱ्या पाण्याच्या पंपाचं रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, दरवर्षी नवीन, आणि जुन्याची पाती तुटलेली असतील तर तुकडे शोधून काढा, ते पुढं जाऊन कूलिंगची वाट अडवतात. स्टर्नड्राइव्ह असेल, म्हणजे इंजिन आत आणि पंख्याचा पाय ट्रान्समच्या बाहेर, तर मागच्या रबरी बेलोज (घडीच्या नळ्या) आधी बघा, त्या फाटल्या की पाणी थेट आत. एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड आणि रायझर, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणारे भाग, बीडाचे असतात, खारं पाणी त्यांना आतून खातं आणि एक दिवस पाणी सिलिंडरमध्ये उतरतं. मला सगळे म्हणाले, तू कोल्हापूरचा, ओतून घे की कॉपी. पॅटर्न करणारे ओळखीचे, फौंड्री ओळखीची, तरी मी नाही ओतलं, तयार आणलं. पाण्याची वाट आणि धुराची वाट यांच्यामध्ये जी भिंत आहे ती एके ठिकाणी जरी पातळ आली तरी इंजिन गेलं, आणि एका नगासाठी कोअर बॉक्स करून प्रेशर टेस्ट करण्यात काही वाचत नाही. ब्रॅकेट, बिजागऱ्या, रेलिंगचे बूट, शिडी, हे मात्र सगळं इथं करून घेतलं, ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलमध्ये, आणि सुंदर झालंय. ३०४ खाऱ्या हवेत ठिपके धरतं आणि २०२ तर गंजतंच.

अॅनोड म्हणजे बोटीचे बाकीचे धातू वाचावेत म्हणून स्वतः झिजून बळी जाणारा धातूचा तुकडा, समुद्रात ठेवणार असाल तर जस्त किंवा अॅल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. अर्धा झिजला की बदला आणि त्याच्यावर पेंट कधीच मारू नका. दर फेरीनंतर इंजिन गोड्या पाण्यानं धुवून काढा, ट्रेलरच्या बेअरिंगला ग्रीस द्या.

मग तुमची यादी. एलईडी, छोटं सोलर पॅनल आणि कंट्रोलर, गाद्या, सगळं मजेत करा, गाद्यांना रेक्झिन शिवणारे आपल्याकडं उत्तम आहेत, फक्त खालच्या फळीला भोकं पाडा नाहीतर बुरशी. फ्रिज पहिल्या वर्षी नको, बॅटरी खातो. केबिनच्या छतावर जड काही चढवू नका, बोट कलायला लागते. आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच, चालू बोटीच्या मागं हवा उलटी फिरून धूर आत येतो आणि त्या वायूला वास नसतो. रजिस्ट्रेशनचे कागद पैसे द्यायच्या आधी मेरीटाईम बोर्डात दाखवून घ्या. बोटीची रुंदी पण मोजा, २.६ मीटरच्या वर असेल तर रस्त्यानं आणायला वेगळी परवानगी लागते आणि घाटात हाल होतात.

पाण्यात उतरवायच्या दिवशी गर्दी करू नका, दोघंच जा. ड्रेन प्लग लावला का हे दोघांनी वेगवेगळं हात लावून बघायचं. प्रत्येक व्हॉल्वभोवती टिश्यू पेपर कोरडा गुंडाळून ठेवायचा, बोट ट्रेलरला बांधलेलीच ठेवून पाण्यात घ्यायची, वीस मिनिटं थांबायचं आणि टॉर्च घेऊन एकेक पेपर बघायचा. आमचा पहिल्या वेळी सिंकच्या व्हॉल्वचा पेपर एका कडेला ओला झाला, रुपयाएवढा डाग, आम्ही बोट तशीच ओढून वर घेतली आणि पुढच्या रविवारी परत उतरवली. त्या वेळी तिन्ही कोरडे होते, तेव्हाच दोरी सोडली.